कोट्यातली पेनल्टी

मी चिडलो की माझा आवाज चढत नाही, खाली जातो. घरी हे सगळ्यांना माहीत आहे. मुलगी म्हणते, पप्पा हळू बोलायला लागले की आपण गुपचूप अभ्यासाला बसावं. पण ज्या तिघांबरोबर मी अकरा वर्षं रविवारी सकाळी मैदानावर खेळलो आणि संध्याकाळी एका टेबलावर बसून मॅच बघितल्या, त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर मी कधी चिडलोच नव्हतो. चिडायला कारणं नव्हती असं नाही. मी ती गिळत आलो होतो.

मुलुंडला स्टेशनपासून पाच मिनिटांवर एक जुनी परमिट रूम आहे. म्हाताऱ्या मालकाच्या वेळी तिथे पंखे आणि रेक्झिनच्या फाटक्या खुर्च्या होत्या. मुलाच्या हाती कारभार आल्यावर त्याने एसी लावला, भिंतीवर तीन स्क्रीन ठोकले आणि बाहेरच्या पाटीवर ‘स्पोर्ट्स बार’ लिहिलं. मेन्यू तोच राहिला, मसाला पापड आणि कोळंबी फ्राय. क्रिकेट चालू असलं की मोठे दोन स्क्रीन क्रिकेटला, आणि आमच्या फुटबॉलला आतल्या कोपऱ्यातला छोटा, तोही मुका. त्या छोट्या स्क्रीनखालचं टेबल आमचं. आमच्या शहराची टीम खेळत असली की आम्ही चौघं जर्सी घालून तिथे हजर. पोटं सुटलेली, जर्सी घट्ट झालेल्या, पण हजर.

चौघं म्हणजे एक मी. साकीनाक्याला माझा छोटा गाळा आहे, तिथे आम्ही प्रेसवर लागणाऱ्या डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवतो. दुसरा बँकेत आहे, उंच, मैदानावर गोलकीपर. त्याला आम्ही गोलकीपरच म्हणतो. तिसऱ्याचे घाटकोपरला क्लासेस आहेत. बारावीनंतरच्या एंट्रन्स परीक्षांसाठी तो गणित शिकवतो आणि चांगलं शिकवतो. त्याला क्लासवाला म्हणू. चौथा माझा शाळेतला दोस्त. पाचवीपासून एका बाकावर. कांजूरमार्गला आमच्या चाळी समोरासमोर होत्या. त्याचे वडील मालवणकडचे, गिरणीत होते. गिरणी गेल्यावर त्याच्या आईने घरी मासळीचे डबे करून संसार ओढला. त्या डब्यांतलं उरलेलं कालवण मी किती वेळा खाल्लं असेल, मोजदाद नाही. माझे वडील जालन्याकडून आलेले, एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. आमच्या घरात समोरच्या भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, त्यांच्या घरात गणपती आणि त्यांच्या गावची देवी. लहानपणी त्या गोष्टीवरून आमच्यात कधी एक शब्द झाला नाही.

त्या रविवारी सेमीफायनल होती, संध्याकाळी पाचची. क्रिकेट नव्हतं, त्यामुळे मोठा स्क्रीन मिळाला होता आणि आवाजही. बार भरलेला. नेहमी रिकामी असणारी टेबलंसुद्धा जर्सीवाल्या पोरांनी धरलेली. मी खूश होतो. चांगला मूड होता माझा, हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर तिघांनीही म्हटलं की मी भांडायच्या तयारीनेच आलो होतो.

पहिला हाफ संपायला दहा-एक मिनिटं असतील. स्कोअर शून्य-शून्य. कडेने धावणाऱ्या आमच्या विंगरला त्यांच्या बॅकने गोलसमोरच्या बॉक्समध्ये पाडलं आणि रेफरीने पेनल्टी दिली. अख्खा बार उभा राहिला. ज्याला पाडलं होतं तोच विंगर मारायला आला. चोवीस-पंचवीसचा पोरगा, त्याच सीझनला टीममध्ये आलेला. त्याने चार पावलं मागे घेतली, धावत आला आणि बॉल गोलच्या वरून थेट प्रेक्षकांत.

सगळे खाली बसले. शिव्या पडल्या, त्या पडणारच, मीही एक घातली.

“कोट्यातून भरलेला दिसतोय,” क्लासवाला म्हणाला. “पेनल्टी मारता येत नाही, पण सीट पक्की.”

गोलकीपर हसला. शेजारच्या टेबलावरचे दोघं, आमची ओळखही नाही, तेही हसले. मग क्लासवाल्याला आठवलं की मी तिथे बसलोय. त्याने माझ्या मांडीवर हात ठेवला.

“तुझं नाही रे म्हणत मी. तू आपला आहेस.”

पहिलं वाक्य मी कदाचित गिळलंही असतं. तसली मी बरीच गिळली होती. मैदानावर कोणी सोपा पास सोडला की ‘कॅटेगरीवाला’ हे आमच्या रविवारच्या खेळात नेहमीचं होतं. एकदा, खूप वर्षांपूर्वी, मी स्वतः त्यावर हसलो होतो. ते हसणं मला अजून आठवतं, तोंड कसं वाकडं करावं लागलं तेही. मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा क्लासवाला पेढे घेऊन घरी आला होता. बायकोने चहा दिला. मार्क ऐकून म्हणाला, “मस्तच. आणि तुम्हाला तर पुढे काही टेन्शनच नाही.” बायकोने कप उचलले आणि आत गेली ती तो जाईपर्यंत बाहेर आली नाही. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो होतो. लिफ्टचं बटणही मीच दाबलं.

पण ‘तू आपला आहेस’ हे मला गिळता आलं नाही. मांडीवर तो हात अजून होता. मी तो उचलून टेबलावर ठेवला.

“मग कोणाचं म्हणतोयस?” मी विचारलं.

“अरे जनरल बोलतोय.”

“त्या पोराची जात काय आहे?”

“मला काय माहीत?”

“मग कोटा कुठून आला?”

“जोक होता यार,” तो म्हणाला. “मॅच बघ ना.”

“मी बघतोय. तू सांग. तो चुकला, म्हणून तो कोट्यातला. गेल्या महिन्यात आपल्या कॅप्टनने मारली तीही बाहेरच गेली होती. तेव्हा तू म्हणालास बिचाऱ्यावर प्रेशर होतं. मी इथेच बसलो होतो.”

माझा आवाज खाली गेला होता. त्याला ऐकायला पुढे वाकावं लागत होतं. गोलकीपर म्हणाला, “सोड ना रे, एवढी भारी मॅच चाललीये, कशाला वाट लावतोस?” म्हणजे वाट मी लावत होतो. मी शाळेतल्या दोस्ताकडे बघितलं. तो पापडाचा तुकडा मोडत होता. मोडलेल्या तुकड्याचे आणखी तुकडे करत होता. मान वर केली नाही.

क्लासवाल्यालाही आता राग आला होता. “हे बघ,” तो म्हणाला, “माझ्या क्लासमध्ये मी रोज बघतो. माझी पोरं रात्रंदिवस घासतात आणि त्यांच्या सीट दुसरेच घेऊन जातात. ते बोललं की लगेच तुम्हाला लागतं.”

तुम्हाला. दोन मिनिटांपूर्वी मी आपला होतो.

आणि तिथे मी ती चूक केली. मी म्हणालो, “मी आयुष्यात कधी कोटा घेतला नाही. आयटीआय केलं, दुसऱ्याच्या गाळ्यात बारा वर्षं घासली, मग स्वतःचं टाकलं. माझी डाय केसभर चुकली तरी गिऱ्हाईक परत पाठवतं. मला कोणी काही फुकट दिलेलं नाही.”

“तेच तर म्हणतोय मी,” क्लासवाला म्हणाला. “तू वेगळा आहेस.”

त्याने माझंच वाक्य उचलून माझ्याच हातात दिलं.  

हाफ टाइम झाला.  गोलकीपर फोन घेऊन बाहेर गेला. मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण सेमीफायनल होती, आणि खरं सांगायचं तर उठून जाणं म्हणजे त्याचं खरं मानणं, असं मला वाटत होतं. मी बसून राहिलो. स्क्रीनकडे बघत होतो, दिसत काही नव्हतं.

दुसऱ्या हाफमध्ये, शेवटची वीस मिनिटं राहिली असताना, आम्ही गोल मारला. कॉर्नरवरून साधा हेडर. पाय आपोआप उठतात अशा वेळी. मीही उडी मारून उठलो, तोंडातून आवाज निघाला, आणि क्लासवाल्याने मला मिठी मारली. अकरा वर्षं दर गोलला मारत आला तशीच, दोन्ही हातांनी, पाठीवर थापा देत. क्षणभर माझेही हात त्याच्या पाठीवर गेले. मग मला कळलं मी काय करतोय, आणि मी त्याला ढकललं.

जोरात ढकललं. तो खुर्चीवर आदळला, खुर्ची टेबलावर, आणि बिअरचा जग शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या अंगावर. काच फुटली. बारमधले सगळे गोलवर ओरडत होते ते आमच्याकडे वळले.

मॅनेजर आला. सात-आठ वर्षं मला ओळखणारा माणूस. त्याने क्लासवाल्याला हात देऊन उठवलं, त्याला लागलं का विचारलं, मग माझ्याकडे वळला. “साहेब, जास्त झाली असेल तर बाहेर हवेवर जाऊन या.”

“माझा पहिला ग्लास आहे,” मी म्हणालो. “तोही भरलेला. बघ.”

“तरी पण साहेब. बाकी लोक मॅच बघतायत.”

मी परत एकदा शाळेतल्या दोस्ताकडे बघितलं. त्याने एवढंच म्हणायचं होतं की याने प्यायलेली नाही. बाकी काही नाही, एवढंच. तो खाली वाकून काचा गोळा करत होता. वेटर म्हणत होता, तुम्ही राहू द्या साहेब, हात कापेल, तरी तो गोळा करत होता.

मी निघालो. घर वीस मिनिटांवर आहे, मी चालत गेलो. वाटेत मिठाईच्या दुकानासमोर एक ओळखीचे काका भेटले. जर्सी बघून म्हणाले, “काय, जिंकलो का?” मी म्हणालो, माहीत नाही. त्यांना ते उद्धट वाटलं असावं. घरी मुलीने सांगितलं, एक-शून्य, फायनलला गेलो. मी जर्सी काढून कपडे धुवायच्या बादलीत टाकली. बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्या दिवशी पेढे घेऊन आला होता ना, तेव्हाच करायचं होतं हे.”

ताईला सांगायची माझी हिंमत तीन दिवस झाली नाही.

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. कांजूरमार्गच्या त्या खोलीत, मागच्या नाल्याचा वास आत येऊ नये म्हणून खिडकीला ओलं फडकं लावून ती अभ्यास करायची. बीएस्सी झाली आणि ट्रॉम्बेला लॅबमध्ये लागली, राखीव जागेवर. आमच्या दोन्ही घराण्यांत, आईकडच्या आणि वडिलांकडच्या, मासिक पगाराची सरकारी नोकरी करणारी ती पहिली. पुढे खात्याच्या परीक्षा देत देत वर चढली. वडील आजारी पडल्यावर घर तिने चालवलं. मी गाळा टाकला तेव्हा पहिली जुनी लेथ तिच्या पगारातून आली. ती शब्द मोजून बोलते. मी फोनवर सगळं सांगितलं, विंगर, पेनल्टी, ‘तू आपला आहेस’, सगळं. ती ऐकत होती.

“मग तू काय म्हणालास?” तिने विचारलं.

“म्हणालो, मी कधी कोटा घेतला नाही.”

तिने मागे चालू असलेला टीव्ही बंद केला. 

“म्हणजे घेतला असता तर त्याचं बरोबर होतं?” ती म्हणाली.

“ताई, तसं नाही गं.”

“तसंच आहे. तू स्वतःला सोडवून घेतलंस आणि मला तिथे ठेवून आलास. मी घेतला. मी तीस वर्षं काम केलं त्या जागेवर. चूक केली असती तर हजार लोक बसले होते बोट दाखवायला, म्हणून मी चुकले नाही. एक दिवस चुकायची सोय नव्हती मला. आणि तू त्याला सांगतोस, मी त्यातला नाही.”

 ती पण रागावली की तिचा आवाज खाली जातो, आमच्या घराण्यातच आहे ते.

“जेवलास का?” तिने शेवटी विचारलं. मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

तोवर मला राग होता तो क्लासवाल्याचा, दोस्ताचा, मॅनेजरचा. त्या दिवसापासून तो स्वतःवरही होता, आणि हा राग जास्त वाईट. गाळ्यावर दोन दिवस मी मशीनला हात लावला नाही. लक्ष नसताना मशीनवर उभं राहू नये.

आमच्या ग्रुपवर क्लासवाल्याने मेसेज टाकला होता, ‘कोणाला वाईट वाटलं असेल तर सॉरी. फायनलला भेटू.’ गोलकीपरने त्यावर अंगठा दिला. मी ग्रुप सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतला दोस्त साकीनाक्याला आला. गाळ्यात प्रेसचा आवाज, म्हणून आम्ही बाहेर रस्त्यावर उभे राहिलो. तिथे टेम्पोंचा आवाज.

“ग्रुप का सोडलास?” तो म्हणाला.

“तू का गप्प बसलास?”

“मी काय बोलणार होतो? दोघंही मित्र.”

“दोघंही,” मी म्हणालो. “त्याला ओळखून तुला अकरा वर्षं झाली. मला ओळखून पस्तीस. ताईने तुला दहावीचं गणित शिकवलंय. फुकट. आमच्या ओट्यावर बसवून. तिच्यावर बोलत होता तो, आणि तू पापड मोडत होतास.”

तो घाबरला की मालवणीत शिरतो, लहानपणापासून. “माका काय सुचाकच नाय रे,” तो म्हणाला. “खरांच.”

“तुला जोक आवडला होता का?”

त्याने मान हलवली, नाही म्हणून.  “आमच्या घरात पण बोलतात रे तसं,” तो म्हणाला. “भाऊ बोलतो. जेवताना बोलतो. मी तिथे पण गप्पच बसतो. सवय झाली.”

हे त्याने खरं सांगितलं, एवढं मी मान्य करतो. पण खरं सांगितलं म्हणून माझा राग उतरला नाही. उलट मला दिसायला लागलं की तो किती जेवणांना गप्प बसला असेल. मी म्हणालो, मला काम आहे, आणि आत गेलो.

फायनल पुढच्या रविवारी होती. बायको म्हणाली घरीच बघ. मुलगी म्हणाली, मैत्रिणीकडे मोठा टीव्ही आहे. पण मी ठरवलं होतं, त्याच बारमध्ये जायचं. मी का जागा सोडू? जर्सी धुऊन इस्त्री करून घातली. साडेचारलाच गेलो आणि दाराजवळच्या दोघांच्या टेबलावर एकटा बसलो. मॅनेजर आला, अवघडून हसला. मी म्हणालो, “एक सोडा. आज प्यायलो नाही हे आत्ताच बघून घे.” तो गेला. सोडा त्याने स्वतः आणून ठेवला.

ते तिघं आले. मला बघून थबकले. गोलकीपरने हात केला, मी मान हलवली. ते आतल्या टेबलावर जाऊन बसले.

हाफ टाइमला क्लासवाला माझ्याकडे आला, उभाच राहिला. “अजून राग आहे? सॉरी म्हटलं ना मी.”

“बस,” मी म्हणालो. तो बसला नाही. मग मी उभा राहिलो.

“त्या दिवशी मी तुला अर्धंच सांगितलं,” मी म्हणालो. “माझी ताई कोट्यातून लागली. ट्रॉम्बेला. तीस वर्षं काम केलं तिने. तिच्यामुळे माझा गाळा उभा राहिला. त्यामुळे मी वेगळा वगैरे काही नाही. मी त्यातलाच आहे. पुढच्या वेळी पेनल्टी चुकली की तू जे बोलशील ते माझ्या तोंडावर बोलतोयस असं समजून बोल.”

आसपासच्या दोन टेबलांवर ऐकू गेलं. या वेळी माझा आवाज खाली नव्हता.

त्याचा चेहरा लाल झाला. “तू फार मनाला लावून घेतोस,” तो म्हणाला. “माझ्या क्लासमध्ये तुमची किती पोरं आहेत माहितीये? मी कधी फरक केलाय?”

“तुमची,” मी म्हणालो.

तो परत त्याच्या टेबलावर गेला. जाताना पुटपुटला, “बोलायची सोयच राहिली नाही.”

दुसरा हाफ सुरू झाल्यावर शाळेतला दोस्त आपला ग्लास घेऊन माझ्याकडे आला. “बसू?” त्याने विचारलं. खुर्ची रिकामी होती, मी हो किंवा नाही म्हणालो नाही. तो बसला. मॅच संपेपर्यंत बसला. आतून गोलकीपरने दोनदा हाक मारली, पण तो गेला नाही. बोलला मात्र काहीच नाही. मला तो तेव्हाही पुरेसा वाटला नाही, आजही वाटत नाही. ज्या दिवशी तो भावासमोर जेवणाच्या ताटावर तोंड उघडेल आणि मला येऊन सांगेल, त्या दिवशी बघू.

फायनल आम्ही हरलो, दोन-शून्य. वाईट खेळलो. विंगर शेवटची पंधरा मिनिटं मैदानात आला आणि धाव धाव धावला, त्याच्याकडे बॉलच कोणी दिला नाही.

ताईला मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी जाऊन सांगितलं, काय बोललो ते, शब्दन् शब्द. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “उशीर केलास.” मग मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली आणि आम्ही दोघं ती निवडत बसलो.

रविवार सकाळचा खेळ मी सोडला. आता भांडुपच्या मैदानावर काही तरुण पोरांबरोबर खेळतो. ते माझ्यापेक्षा जोरात धावतात आणि मला काका म्हणतात. मॅच मात्र त्याच बारमध्ये बघतो, दाराजवळच्या टेबलावर.